'बाय' कधी, 'टिल' कधी, 'विथ' कधी: पायरी पायरीने

"शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो" हे इंग्रजीत लिहायचं झालं की आपल्यातले खूप जण 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं लिहून मोकळे होतात. समोरचा मराठी असेल तर त्याला बरोबर कळतं कारण तो मनातल्या मनात ते परत मराठीत नेतो, पण नसेल तर तो अडकतो. शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट येणार का, की एकदाच येणार, की शुक्रवारनंतर बंद होणार? मग एक जास्तीचा मेल, एक जास्तीचा फोन, कधी कधी चक्क चुकलेली तारीख. आणि हवा होता फक्त एक शब्द, 'बाय'.

शब्द दोन अक्षरांचा, लहानपणापासून ओळखीचा, म्हणून त्याच्याकडे कोणी नीट बघतच नाही. चुका होतात त्या मराठीतल्या दोन गोष्टींमुळे, एक 'पर्यंत' आणि दुसरं 'ने'. आपलं एकच 'पर्यंत' इंग्रजीत बाय, टिल, टू, अप टू असं कुठेकुठे वाटलं जातं. आणि 'ने' तर काय, तिने केलं, सुरीने कापलं, बसने आलो, दहाने वाढलं, सगळीकडे आहेच. 'ने दिसला की बाय लावा' ही शाळेतली युक्ती काही ठिकाणी चालते आणि बाकी ठिकाणी हमखास फसवते.

खालच्या पायऱ्या दिल्यात त्याच क्रमाने करा. मुदतीचा भाग मुद्दाम आधी ठेवलाय कारण तिथली चूक खरं नुकसान करते, आणि पाठ करायचे वाक्प्रचार मुद्दाम शेवटी ठेवलेत कारण लोक नेमकी तिथून सुरुवात करतात आणि मग मूळ वापर कच्चाच राहतो.

## आधीची तयारी

नवीन उदाहरणं शोधायला जाऊ नका. तुम्ही स्वतः पाठवलेले इंग्रजी मेल आणि मेसेज उघडा, साधारण वीस-पंचवीस पुरेत, आणि त्यात बाय, टिल, अंटिल, विथ, फ्रॉम हे पाच शब्द जिथे जिथे आलेत ती वाक्यं एका वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून काढा. आत्ता काही दुरुस्त करू नका, फक्त उतरवा. प्रत्येक पायरी झाली की याच यादीकडे परत यायचंय. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक लगेच दिसते, आपल्या वाक्यातली दिसायला लागली की समजा काम झालं.

मग स्पेलिंग. 'बाय' असा उच्चार असलेले तीन वेगळे शब्द आहेत. आपण ज्याबद्दल बोलतोय तो बी-वाय. बी-यू-वाय म्हणजे विकत घेणं. बी-वाय-ई म्हणजे निरोप घेताना म्हणतो तो. मेसेज टाइप करताना हे तीन इतके सर्रास अदलाबदल होतात की मोबाइल पण काही बोलत नाही, कारण तिन्ही स्पेलिंग बरोबरच असतात, फक्त जागा चुकलेली असते. तुमच्या यादीत असं काही सापडलं तर बाजूला खूण करा.

आणि वहीच्या वर हे प्रश्न लिहून ठेवा: कधीच्या आत? कोणाकडून घडलं? कशा प्रकारे? कितीने? कुठे? 'बाय' जवळजवळ नेहमी यातल्या एका प्रश्नाचं उत्तर देतो. वाक्य लिहिताना मराठी शब्द बघायचा नाही, प्रश्न कुठला आहे ते बघायचं.

## पायरी १: मुदत, म्हणजे 'बाय' की 'टिल'

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

तारखेकडे किंवा वाराकडे बघायचंच नाही, क्रियापदाकडे बघायचं. ते काम एकदा होऊन संपणारं आहे का, की तेवढा वेळ चालूच राहणारं आहे? देणं, पाठवणं, पोचणं, संपवणं, भरणं, कळवणं, ठरवणं, परत करणं, ही एका क्षणी होऊन जाणारी कामं, यांना 'बाय'. थांबणं, राहणं, झोपणं, वाट बघणं, चालू असणं, उघडं असणं, ही ताणली जाणारी कामं, यांना 'टिल' किंवा 'अंटिल'.

'प्लीज रिप्लाय बाय मंडे', सोमवारच्या आत कधीही एकदा उत्तर द्या.
'आय विल वेट टिल मंडे', सोमवार येईपर्यंत मी थांबलेलाच आहे.

एकाच फॉर्मबद्दलची ही दोन वाक्यं बघा. 'द फॉर्म इज ओपन टिल द टेन्थ' आणि 'सबमिट द फॉर्म बाय द टेन्थ'. तारीख तीच, फॉर्म तोच, मराठीत दोन्हीकडे "दहा तारखेपर्यंत". पण फॉर्म उघडा असणं हे चालू राहतं आणि भरणं हे एकदाच होतं, म्हणून शब्द बदलला. ही जोडी डोक्यात बसली की अर्धी लढाई जिंकली.

'बाय फ्रायडे' मध्ये शुक्रवार धरलेला असतो, म्हणजे शुक्रवारी दिलं तरी चालतं. 'बिफोर फ्रायडे' म्हटलं की शुक्रवार धरायचा नाही, उशिरात उशिरा गुरुवारी द्यायचं. पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत, हे 'बाय फ्रायडे' सांगत नाही, कोणी संध्याकाळचे पाच समजतं, कोणी रात्रीचे बारा. काम महत्त्वाचं असेल तर वेळ लिहूनच टाका, 'बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे'.

'टिल' चा पण असाच एक घोळ आहे. 'आय ॲम ऑन लीव्ह टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी तुम्ही आहात की नाही? वाचणारा दोन्ही समजू शकतो. तिथे परत येण्याचा दिवस लिहिणं सगळ्यात साफ, 'आय विल बी बॅक ऑन मंडे'.

सावधान: नकार आला की अर्थ उलटतो. 'आय वोन्ट फिनिश इट बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार गेला तरी काम झालेलं नसेल. 'आय वोन्ट फिनिश इट टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारच्या आधी होणार नाही, पण शुक्रवारी होईल. पहिल्यात तुम्ही हात वर करताय, दुसऱ्यात तुम्ही तारीख देताय. तसंच 'डोन्ट सेंड इट टिल मंडे' म्हणजे सोमवारच्या आधी पाठवू नका. इथे चुकीचा शब्द टाकला तर समोरचा बरोबर उलट वागेल आणि दोष त्याचा नसेल.

सावधान: 'बाय' नंतर घड्याळाचा किंवा कॅलेंडरचा ठिपका लागतो, लांबी नाही. 'आय विल डू इट बाय टू डेज' चूक. दोन दिवस ही लांबी झाली. तिथे 'इन टू डेज' किंवा 'विदिन टू डेज'. दोघांत थोडा फरक आहे, 'इन' म्हणजे साधारण दोन दिवसांनी, 'विदिन' म्हणजे दोन दिवसांच्या आत केव्हाही. काम आधी होऊ शकत असेल आणि तुम्हाला ते कळवायचं असेल तर 'विदिन' लिहा.

याच घरातले अजून तीन. 'बाय नाउ' म्हणजे आपलं एव्हाना, 'ही मस्ट हॅव रीच्ड बाय नाउ', एव्हाना पोचला असेल तो. 'बाय देन' म्हणजे तोवर. आणि 'बाय द एंड ऑफ द मंथ' म्हणजे महिना संपायच्या आत. हे 'ॲट द एंड ऑफ द मंथ' पेक्षा वेगळं आहे, तिथे काम महिन्याच्या शेवटी शेवटीच होणार. 'इन द एंड' चा तर महिन्याशी संबंधच नाही, ते म्हणजे सरतेशेवटी.

तपासून बघा: यादीतल्या प्रत्येक 'टिल' च्या वाक्यात मराठीत "सतत" किंवा "तेवढा वेळ" घालून वाचा. "शुक्रवारपर्यंत सतत वाट बघीन" बरोबर वाटतं, टिल राहू द्या. "शुक्रवारपर्यंत सतत पाठवीन" विचित्र वाटलं, 'बाय' करा.

## पायरी २: 'बाय द टाइम' आणि त्यातला काळ

एका वाराऐवजी अख्खी घटना मुदत म्हणून वापरायची असेल तर 'बाय द टाइम'. "आम्ही पोचेपर्यंत गाडी सुटली होती", 'बाय द टाइम वी रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट'. गोष्ट आधीची असेल तर गाडी सुटण्याला 'हॅड' लागतो, कारण ते पोचण्याच्या आधीच होऊन गेलेलं आहे.

पुढची गोष्ट असेल तर खरी गंमत, 'बाय द टाइम' च्या लगेच नंतर 'विल' येत नाही. 'बाय द टाइम यू विल कम' चूक, 'बाय द टाइम यू कम' बरोबर. 'विल' दुसऱ्या अर्ध्यात जातो, 'बाय द टाइम यू कम, आय विल हॅव फिनिश्ड'. मराठीत आपण "तू येशील तोपर्यंत" म्हणतो, त्यातला "येशील" आपल्याला 'विल' लिहायला लावतो.

'अंटिल' च्या बाबतीत याहून मोठा सापळा आहे, आणि तो खास आपला. "तू येत नाहीस तोपर्यंत मी जाणार नाही" हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, दोन नकार, काही बिघडत नाही. तेच उचलून 'अंटिल यू डोन्ट कम, आय वोन्ट गो' लिहिलं की बिघडलं. इंग्रजीत 'अंटिल' च्या बाजूला नकार नको, 'आय वोन्ट गो अंटिल यू कम'. आणि 'टिल द टाइम यू कम' असं लांबण पण लावू नका, नुसतं 'टिल यू कम' पुरतं. जाता जाता, 'टिल' मध्ये दोन एल, 'अंटिल' मध्ये एकच.

## पायरी ३: कोणी केलं, आणि मराठीतला 'ने' का फसवतो

"हे काम तिने केलं." यात 'ने' आहे म्हणून 'बाय' लावायचा का? नाही. मराठीत भूतकाळात 'केलं', 'लिहिलं' अशा क्रियापदांच्या कर्त्याला बहुतेक वेळा 'ने' लागतो, ती आपल्या भाषेची रीत आहे. इंग्रजीत ते साधं 'शी डिड द वर्क'. 'बाय' तेव्हाच येतो जेव्हा वाक्य उलटं फिरवलेलं असतं, म्हणजे काम पुढे आणि करणारा मागे, 'द वर्क वॉज डन बाय हर'. ओळखायची खूण सोपी आहे, 'वॉज', 'वेअर', 'बीन', 'इज' असं काहीतरी आणि त्याच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप. ही जोडी नसेल तर करणाऱ्यासाठी सहसा 'बाय' नाही. अपवाद पुस्तक, गाणं, चित्र अशा गोष्टींचा, तिथे 'अ बुक बाय...' म्हणून लगेच लेखकाचं नाव लिहिता येतं.

आणि करणारा माहीतच नसेल किंवा सांगायची गरज नसेल तर 'बाय समवन' जोडू नका. 'माय फोन वॉज स्टोलन' एवढंच पुरेसं आहे. चोरी कोणीतरी केली हे सगळ्यांना कळतं.

आता हत्यार. "सुरीने कापलं", इथे सुरी स्वतः काही करत नाही, कोणाच्या तरी हातात आहे. हातातल्या वस्तूला 'विथ'. 'शी कट इट विथ अ नाइफ'. 'बाय नाइफ' नाही. पेनने लिहिलं, चावीने उघडलं, कापडाने पुसलं, सगळं 'विथ'. पण वस्तू किंवा शक्ती स्वतःच घडवून आणणारी असेल, मागे कोणाचा हात नसेल, तर 'बाय'. 'द हाउस वॉज डिस्ट्रॉइड बाय फायर', 'ही वॉज हिट बाय अ कार'. या शेवटच्याच्या शेजारी 'ही वॉज हिट विथ अ स्टिक' ठेवून बघा, काठी कोणीतरी उगारली, गाडी येऊन आदळली. फरक स्वच्छ दिसतो.

मग "कडून". "मित्राकडून कळलं" म्हणजे 'आय हर्ड इट फ्रॉम अ फ्रेंड'. 'बाय माय फ्रेंड' नाही. काही मिळालं, कळलं, आलं, घेतलं, की 'फ्रॉम'. मराठीत "माझ्याकडून चूक झाली" म्हणतो ते पण 'मिस्टेक हॅपन्ड बाय मी' होत नाही, 'आय मेड अ मिस्टेक', सरळ.

सावधान: तिसरं रूप दिसलं की डोळे मिटून 'बाय' पण नको. काही शब्दांनी आपले जोडीदार आधीच ठरवून ठेवलेत: 'मॅरीड टू', 'इंटरेस्टेड इन', 'फिल्ड विथ', 'नोन टू एव्हरीवन'. हे जोडीनेच लक्षात ठेवा, नियम शोधत बसू नका.

तपासून बघा: यादीतल्या प्रत्येक 'बाय' ला विचारा, याने स्वतः केलं, की हा कोणाच्या हातात होता, की याच्याकडून काही आलं? स्वतः केलं तर बाय, हातात होता तर विथ, आलं तर फ्रॉम.

## पायरी ४: कशाने आलात, कसं पाठवलं, कसं भरलं

'बाय बस', 'बाय ट्रेन', 'बाय कार', 'बाय एअर', 'बाय रोड', इथपर्यंत सगळ्यांना येतं. चूक होते ती मध्ये एखादा शब्द घुसल्यावर. 'बाय माय कार' चूक. 'बाय' नंतर वाहनाचा नुसता प्रकार येतो, उघडा शब्द. माझी, त्याची, एक, ती अमुक अशी कुठलीही एक ठरावीक गाडी आली की 'इन' किंवा 'ऑन' कडे जा. 'इन माय कार', 'इन अ टॅक्सी', 'ऑन द एट ओक्लॉक ट्रेन', 'ऑन अ बस', 'ऑन हिज बाइक'. कार आणि टॅक्सीला 'इन', आणि बस, ट्रेन, विमान, बाइक, सायकल यांना 'ऑन', एवढं धरून चाललं तरी पुरे.

चालत आलो याला 'बाय वॉक' असं काही नाही. 'ऑन फुट' आहे, पण बोलताना सगळ्यात सहज 'आय वॉक्ड'.

पाठवण्याचे मार्ग मात्र 'बाय' मध्ये नीट बसतात, 'बाय पोस्ट', 'बाय ईमेल', 'बाय फोन', 'बाय कुरियर'. 'बाय हँड' म्हणजे समक्ष हातोहात दिलं, किंवा मशीनशिवाय हाताने बनवलं, दोन्ही अर्थ आहेत. पैसे भरताना 'बाय कार्ड' आणि 'बाय चेक' बरोबर, पण रोख असेल तर 'इन कॅश' लिहा किंवा 'पे कॅश' म्हणा.

## पायरी ५: 'करून' चे दोन अर्थ वेगळे करणं

याबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते मुदतीनंतर सगळ्यात जास्त वाक्यं इथेच बिघडतात. "रोज वाचून इंग्रजी सुधारतं" आणि "पुस्तक वाचून झोपलो". दोन्हीकडे "वाचून". पहिल्यात वाचणं हा मार्ग आहे, त्याच्यामुळे सुधारणा होते. दुसऱ्यात वाचणं आधी झालं आणि झोप नंतर, एवढंच, वाचण्याने झोप घडवून आणली असं काही म्हणायचं नाहीये.

'बाय' आणि आयएनजी ही जोडी फक्त पहिल्यासाठी. 'यू कॅन इम्प्रूव्ह बाय रीडिंग एव्हरी डे'. दुसऱ्यासाठी 'आफ्टर' किंवा नुसतं 'अँड', 'आय रेड फॉर अ व्हाइल अँड वेन्ट टू स्लीप'. 'बाय रीडिंग द बुक आय स्लेप्ट' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की पुस्तक हा तुमचा झोपायचा उपाय आहे. "फॉर्म भरून तुम्हाला फोन करतो" हे पण 'आफ्टर फिलिंग इन द फॉर्म', 'बाय' नाही.

रूप कायम आयएनजीचंच. 'बाय रीड', 'बाय टू रीड' असलं काही नाही. आणि "न वाचता" असा नकार असेल तर 'बाय नॉट' पेक्षा बहुतेक वेळा 'विदाउट रीडिंग' लागतो.

अजून एक बघायचं. 'बाय प्रेसिंग धिस बटन, द मशीन स्टार्ट्स'. बटन दाबणारा माणूस या वाक्यात आहे कुठे? वाक्य वाचलं तर मशीनच स्वतःचं बटन दाबतंय असं होतं. स्वल्पविरामानंतर जो येतो तोच आधीची कृती करणारा असला पाहिजे. सूचना लिहीत असाल तर सरळ 'प्रेस धिस बटन टू स्टार्ट द मशीन' लिहा, छोटं पण आणि बरोबर पण.

तपासून बघा: मराठीत "करून" च्या जागी "केल्यामुळे" किंवा "करण्याच्या मार्गाने" घालून बघा. बसलं तर 'बाय'. "केल्यानंतर" बसलं तर 'आफ्टर'.

## पायरी ६: आकडे

इथे एक अक्षर चुकलं तर आकडाच बदलतो, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचा.

'बाय' फरक सांगतो, 'टू' शेवटचा मुक्काम सांगतो. संख्या १०० होती. 'इट इन्क्रीज्ड बाय २०' म्हणजे आता १२०. 'इट फेल टू २०' म्हणजे आता २०, आणि 'इट फेल बाय २०' म्हणजे आता ८०. मराठीत "२० ने" आणि "२० वर" हा फरक आपण कधीच चुकत नाही, इंग्रजीत पण तेवढंच करायचंय, 'ने' ला बाय आणि 'वर' ला टू. इथे तेवढा मराठीचा 'ने' आपल्या बाजूने आहे.

टक्क्यांत अजून एक काळजी. दर ५ टक्क्यांवरून ६ टक्के झाला तर 'इट रोज बाय १ पर्सेंट' लिहिणं चूक ठरतं, कारण ५ चा १ टक्का फारच छोटा, आणि खरी वाढ मूळच्या २० टक्के आहे. तिथे 'बाय १ पर्सेंटेज पॉइंट' लिहा, किंवा सरळ 'फ्रॉम ५ पर्सेंट टू ६ पर्सेंट'. दुसरं जास्त सुरक्षित आहे, कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मुदत वाढवण्याचं वाक्य तर आकडे आणि तारीख दोन्हींचं मिश्रण. 'एक्स्टेंडेड बाय १० डेज' म्हणजे दहा दिवसांनी वाढवली. 'एक्स्टेंडेड टू द टेन्थ' म्हणजे दहा तारखेवर नेली. पायरी १ मध्ये म्हटलं की 'बाय' नंतर लांबी चालत नाही, आणि इथे चालतेय, ते का? कारण इथे प्रश्न "कधीच्या आत" नाही, "कितीने" आहे. प्रश्न बघा म्हणतोय ते याचसाठी.

बाकी पटापट. गुणाकार-भागाकार मराठीसारखाच, 'डिव्हाइड १२ बाय ३', बाराला तीनने भागा, उत्तर ४. खोलीचं माप '१० बाय १२'. एका मार्काने हुकलं, 'मिस्ड इट बाय वन मार्क'. तासावर पैसे मिळतात, 'पेड बाय द अवर', आणि यातला 'द' सोडू नका. वजनावर विकतात ते 'बाय वेट', तिथे 'द' नाही. एकेक करून 'वन बाय वन', हळूहळू 'लिटल बाय लिटल'.

## पायरी ७: जागा, आणि एकटं असणं

'बाय द विंडो' म्हणजे खिडकीला लागून. 'निअर' मध्ये अंतर बरंच असू शकतं, 'बाय' मध्ये हात पुरेल इतकं जवळ. म्हणून खिडकी, दार, नदी, रस्ता यांना 'बाय' शोभतो, पण अमुक शहराजवळ राहतो म्हणायचं तर 'निअर' च वापरा.

'बाय मायसेल्फ' चे दोन अर्थ, एकटाच, आणि कोणाची मदत न घेता. कुठला ते बाकीच्या वाक्यावरून कळतं. 'आय लिव्ह बाय मायसेल्फ' एकटा राहतो, 'आय फिक्स्ड इट बाय मायसेल्फ' मीच दुरुस्त केलं. 'बाय माय ओन' मात्र नाही, ते 'ऑन माय ओन'. ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळून तिसरंच काहीतरी तयार होतं ते यादीत नक्की शोधा, खूप जणांच्या लिखाणात सापडतं.

## पायरी ८: ठरलेले वाक्प्रचार

हे तोडून अर्थ लावायला जाऊ नका, अख्खेच्या अख्खे लक्षात ठेवा. 'बाय मिस्टेक' चुकून, 'बाय चान्स' योगायोगाने, 'बाय नेम' नावाने ओळखणं, 'बाय प्रोफेशन' पेशाने, 'बाय फार' म्हणजे बाकीच्यांना खूप मागे टाकून, 'बाय अँड लार्ज' एकंदरीत.

दोनांवर जरा थांबा. 'बाय ऑल मीन्स' याचा अर्थ "सगळ्या मार्गांनी" नाही, कोणी परवानगी मागितली की "हो हो, अवश्य" असं म्हणायला तो असतो. 'बाय नो मीन्स' म्हणजे मुळीच नाही. आणि पाठ करणं याला 'लर्न बाय हार्ट'. आपल्याकडे 'बायहार्ट' हेच क्रियापद करून "मी बायहार्ट केलं" इतकं बोललं जातं की ते लिहिताना पण तसंच उतरतं, बोलताना ठीक आहे, पण परीक्षेत किंवा ऑफिसच्या मेलमध्ये 'आय लर्न्ड इट बाय हार्ट' असंच लिहा.

'बाय द वे' गप्पांत छान. मेलमधल्या मुख्य मागणीच्या आधी तो टाकला तर मागणी बिनमहत्त्वाची वाटते, तिथे काढून टाका.

## पायरी ९: सगळं एकत्र, एका मेलवर

आता हा मेल घ्या, आणि खालचं वाचायच्या आधी स्वतः दुरुस्त करून बघा.

'आय केम टू नो बाय माय फ्रेंड दॅट द डेट इज एक्स्टेंडेड टू टेन डेज. आय विल कम्प्लीट द फॉर्म टिल मंडे. आय विल कम बाय माय कार अँड पे बाय कॅश. बाय रीडिंग द रूल्स आय हॅव वन क्वेश्चन. अंटिल आय डोन्ट गेट युअर रिप्लाय, आय विल नॉट सबमिट इट.'

पहिल्या वाक्यात मित्राकडून कळलंय, काही आलंय, म्हणून 'फ्रॉम अ फ्रेंड'. आणि तारीख दहा दिवसांनी वाढली, प्रश्न कितीने, म्हणून 'एक्स्टेंडेड बाय टेन डेज'. मूळ वाक्य वाचून समोरच्याला दहा दिवसांनी वाढवली की सगळी मुदतच आता दहा दिवसांची केली हे कळलंच नसतं.

दुसऱ्यात फॉर्म पूर्ण करणं एकदाच होणार, 'बाय मंडे'. तिसऱ्यात गाडी ठरावीक आहे, 'इन माय कार', आणि रोख म्हणून 'इन कॅश'. चौथ्यात नियम वाचले आणि मग प्रश्न पडला, वाचणं हा मार्ग नाही, आधी झालेली गोष्ट आहे, 'आफ्टर रीडिंग द रूल्स, आय हॅव वन क्वेश्चन'.

शेवटचं वाक्य नीट बघा, कारण इथे बरेच जण 'अंटिल' काढून 'बाय' टाकतात. 'अंटिल' बरोबरच आहे, फॉर्म न देता थांबणं हे चालू राहणार आहे. चुकला फक्त नकार. 'आय विल नॉट सबमिट इट अंटिल आय गेट युअर रिप्लाय'. आणि उत्तर सोमवारच्या आत हवं असेल तर त्याच्यापुढे अजून एक वाक्य लागेल, 'कुड यू प्लीज रिप्लाय बाय सॅटरडे?', नाहीतर तुमचा फॉर्म उत्तराची वाट बघत राहील आणि सोमवार निघून जाईल.